सिस्टरच्या तीन वाटा

आमच्या डायलिसिस वॉर्डातली आम्रपाली सिस्टर म्हणजे बरका फणस, वरून काटे नि आत मऊ गरे. "भिकाजीकाका, चोरून चहा ढोसलात ना? वजनकाटा खोटं बोलत नाही!" असं मला सगळ्यांदेखत खडसावते. मी एस.टी.चा रिटायर ड्रायव्हर, मागेपुढे कुणी नाही, उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नाही. हिच्यापुढे मात्र चिडीचूप.

नवीन पेशंट आला, की ती घरच्यांना बसवून तीन वाटा सांगते. आठवड्यातून तीनदा रत्नागिरीला येऊन मशीनवर पडा. नाहीतर पोटात नळी बसवून घरच्या घरी औषधाचं पाणी भरा आणि काढा. नाहीतर घरच्या कुणाची किडनी घ्या. एवढं सांगून गप्प बसते. निवड त्यांनी करायची, आपण ढकलायचं नाही, हा तिचा नेम.

लवू नाटे गावचा, होडीवरचा खलाशी, ऐन तिशीतला. त्याच्या आईची, जनीची, किडनी जुळली. म्हातारी तिथल्या तिथे पदर खोचून तयार! पण लवू म्हणाला, गावदेवीला कौल लावू. आमच्याकडे होडी घ्यायची तरी देवीला विचारतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला कळी लावतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

डावी पडली. झालं! लवू मशीनवरच राहिला.

मी सिस्टरवर भडकलो. "अगो, समजाव की त्याला!"

"काका, मी बौद्धवाडीतली. देवीबद्दल एक शब्द काढला, तर उद्यापासून तो इथेसुद्धा यायचा नाही."

मला संताप आला, पण पोरीचं खोटं नव्हतं. तिने पोटातल्या नळीचं पुन्हा सांगून पाहिलं. लवू हसला. "होडीवर, त्या मासळीच्या घाणीत? काय तरीच!"

हंगाम लागला तशा त्याच्या मशीनच्या पाळ्या चुकायला लागल्या. ती फोन करायची, तो समुद्रात असायचा. अंगावर सूज चढली, दम लागायला लागला. शिमग्याच्या आधी गेला बिचारा.

तेराव्यानंतर जनी त्याची उरलेली इंजेक्शनं परत द्यायला आली. सिस्टरचा हात धरून म्हणाली, "बाय, काल गुरवाने सांगितलं. किडनी दिल्यावर आई धड राहील का, एवढंच विचारलं होतं गो लवूने. माझं मेलीचं कशाला विचारायचं? पोर जगेल का, ते विचारायचं ना!"

इतक्या जणांना वाट दाखवणारी सिस्टर, ती इंजेक्शनंच मोजायला लागली.

मग जनीने माझ्याकडे बघितलं. "ह्यांना कोण नाही ना? ह्यांना घाला माझी. आता कुणाला विचारायचं नाही."

नात्याबाहेर अशी देता येत नाही, हे मला ठाऊक होतं. निदान तोंडदेखलं "नको गो बाय" तरी म्हणायला हवं होतं. तेवढंही म्हणवलं नाही. चादर तोंडावर ओढली आणि रडलो. मला ती किडनी हवी होती हो.