साल न काढता मोजलेला उजेड

आता काय सांगू राव, स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडानं सांगायची म्हणजे आधी चहाचा घोट घ्यावा लागतो!

मी जुन्नरला कॉलेजात फिजिक्स शिकवतो, राहतो येडगावला, धरणाजवळ. घरी फायबरचं नेट घेतलं आणि आठ दिवसांत ते आचके द्यायला लागलं. ऑनलाइन मीटिंगमध्ये प्राचार्यांसमोर माझं तोंड उघडं ते उघडंच अडकलं! तीनदा तक्रार केली. दर वेळी उत्तर एकच, "बघतो सर." अरे, काय बघतोस? डोकंच फिरलं माझं.

रस्त्याकडेला पडलेला फायबरचा तुकडा उचलला. केसासारखा काचेचा तंतू, त्यातून उजेड धावतो म्हणून नेट चालतं. म्हटलं, मालच खोटा असणार! बायोलॉजीच्या मॅडमकडून त्यांचा चांगला मायक्रोस्कोप मागितला आणि तंतूची जाडी मोजली. हवी एकशे पंचवीस मायक्रॉन. भरली किती? अडीचशे! बरोब्बर दुप्पट!

"सर, एकदा परत बघा ना," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, वीस वर्षं मोजतोय मी!" बिचाऱ्यांवरच खेकसलो.

तसाच मोटरसायकलला किक मारून गावात आलो. ग्रामपंचायतीसमोर फायबर जोडणारा तुकाराम काम करत होता. मी गाडीवरूनच ओरडलो, "दुप्पट जाड माल घालता? गावाला येडं समजता?"

झालं! माणसं गोळा झाली.

"सरांनी मायक्रोस्कोपात बघितलंय, म्हंजी खरंच असणार!"

"आमची म्हैस दूध देईना, ते बी या वायरीमुळंच!"

सरपंचबाईही कमरेला पदर खोचून बाहेर आल्या. मला काय चेव चढला म्हणून सांगू!

तुकारामनं शांतपणे विचारलं, "सर, साल काढली व्हती का?"

"कसली साल?"

त्यानं चिमट्यासारखं हत्यार काढलं, तंतू त्यात धरून ओढला. वरून झिरझिरीत प्लास्टिक सुटून आलं. "ह्यो लेप धरून अडीचशे भरतंय. आतली काच एकशे पंचवीसच हाय."

सरपंचबाई म्हणाल्या, "म्हंजी सर, तुमी केळं सालीसकट मोजलं व्हय?"

हसणं पार धरणापर्यंत गेलं असेल!

"ते राहू द्या!" मी आणखीच तापलो. "मग माझं नेट का जातं?"

तुकाराम माझ्या घरी आला. कपाट पुढं ओढलं. मागं वायर चेपून पार दुमडलेली. कपाट तिथं कुणी सरकवलं होतं? मीच!

"दुमडली की आतला उजेड बाहेर सांडतो, सर." त्यानं ती सरळ केली. नेट सुरू!

आभार मानायचे सोडून मी गुरकावलो, "एवढं सगळं तुला शिकवलं कुणी रे?"

"तुमीच की, सर! कॉलेजात. फायबरच्या आकृतीत वरचा लेप दाखवायचा राहिला, तर तुमी दोन मार्क कापले व्हते. वर तासभर उभं केलं व्हतं, ते येगळंच!"