फ्लेक्सवरचा बॅन्ड
मानपाडा रोडला कुणाच्या वाढदिवसाचा नवाकोरा फ्लेक्स लागला, की त्याच्या उग्र रबरी वासाने मला आमचा दहावीतला बॅन्ड आठवतो आणि स्वतःचीच किळस येते. एकही गाणं बसवायच्या आधी आम्ही फ्लेक्स छापलेला. रविवारी सकाळी सोसायटीच्या गच्चीवर आम्ही चौघांनी गॉगल लावून, हाताची घडी घालून फोटो काढलेले. गिटार यायची ती फक्त आमच्यातल्या पाचव्याला, आणि तो त्या वेळी चर्चमध्ये वाजवत होता. दुसऱ्या दिवशी तो गिटार घेऊन प्रॅक्टिसला आला, तर गेटवर फ्लेक्स. “माझा फोटो कुठाय रे?” त्याने विचारलं. “अरे, तू नव्हतास ना,” मी म्हणालो, “आता फ्लेक्सवर नाहीस तर बॅन्डमध्ये कसा घेणार? लोक हसतील.” बाकीच्या तिघांनी गंभीरपणे माना हलवल्या. तो गिटार घेऊन परत गेला. मग आमच्यातल्या एकाने विचारलं, “आता वाजवणार कोण?” बॅन्ड तिथेच संपला. तो फ्लेक्स मात्र अजून बाबांच्या स्कूटरवर टाकलेला असतो, इतकी वर्षं ऊनपाऊस झेलतोय. आमच्या बॅन्डमध्ये कामाचा निघाला तो तेवढाच.