दगडावरची रेघ

प्रसेनजितच्या उजव्या कानावर पेन्सिल दिसली नाही, तर गडी आजारी आहे असं मुरुम गावात खुशाल समजावं. सुताराकडं असते तशी चपटी, लाल, चाकूनं तासलेली पेन्सिल. ही खोड वडिलांची. आबाराव गवंडी होते. भूकंपानंतर आसपासची गावंच्या गावं नव्यानं उभी राहिली, तेव्हा त्यांना जेवायला उसंत नव्हती. पण पेन्सिलीनं खूण केल्याशिवाय त्यांनी एक वीट बसवली नाही.

पोरगा गवंडी झाला नाही. गावाबाहेरच्या एका संशोधन केंद्रात तो दगड राखायला लागला. "दगड राखायला माणूस? दगड काय पळून जात्यात व्हय?" असं त्याची आई मथुराबाई आल्यागेल्यासमोर विचारायची, आणि प्रसेनजित दर वेळी चिडायचा. चिडणारच. ते दगड वाटेवरचे नव्हते. आपल्या काळ्या पत्थराच्या खाली, कित्येकशे मीटरवर, जुन्या काळी दाबानं आणि धगीनं भाजून निघालेला पट्ट्यापट्ट्यांचा खडक आहे. त्यातून खोल बोअर मारून ते काढलेले. दगड कुठल्या पेटीतला, किती खोलवरचा, हे कागद न बघता सांगणारा माणूस तिथं एकच होता.

चार वर्षांपूर्वी इरा आली. तुळजापूरच्या मास्तरांची मुलगी, पीएचडी करणारी. जमिनीवर यंत्रं ठेवून मोजलं, तर खूप खालून वीज अपेक्षेपेक्षा सहज वाहते असं दिसायचं. का वाहते, हे तिला शोधायचं होतं. प्रसेनजितनं दगडाचे बोटाच्या पेराएवढे गोल तुकडे कापून द्यायचे. तिनं ते दाबयंत्रात घालायचे, वीस किलोमीटर खाली असेल तेवढा दाब आणि तेवढी धग द्यायची, दोन्ही टोकांना तारा लावायच्या आणि दगडातून वीज किती जाते ते लिहायचं.

पहिल्याच महिन्यात प्रसेनजितनं एक तुकडा उलटा दिला. वरचं टोक खाली. इराच्या मार्गदर्शक सरांनी चारचौघांत त्याची बिनपाण्यानं केली. ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून प्रत्येक तुकड्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक रेघ. जाड टोक वर. कुणाला सांगायची गरज त्याला वाटली नाही, आणि काळपट दगडावर ती रेघ कुणाच्या नजरेतही भरली नाही. चार वर्षांत पुन्हा एकही तुकडा उलटा गेला नाही.

आकडे आले ते बघून सगळेच थक्क झाले. हा दगड इतर ठिकाणच्या तसल्याच दगडांपेक्षा शेकडो पटींनी वीज वाहू देत होता. त्याच्या पट्ट्यांमध्ये ग्रॅफाइटची पातळ साय असावी, असं इरानं लिहिलं. प्रबंध झाला. फक्त एका परीक्षकांनी कळवलं, की वीज अजिबात जात नाही असा एखादा पदार्थ त्याच यंत्रात मोजून दाखवा.

चिनीमातीचा पांढरा तुकडा आणला. तो प्रसेनजितनंच कापला. इरानं मोजला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पांढऱ्या तुकड्यातूनही वीज वाहत होती, आणि दगडातून वाहायची तितकीच.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली. दोन दिवस तिनं तारा उसवल्या, पुन्हा जोडल्या. धड जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रसेनजितनं तो तुकडा सहज हातात घेतला. पांढऱ्यावर रेघ कशी ठसठशीत दिसत होती! सवयीनं ह्याच्यावरही मारलीच होती. त्यानं मोटारी दुरुस्त करताना वीज तपासायचा मीटर काढला आणि रेघेच्या दोन टोकांना दोन सुया टेकवल्या. आकडा आला. सुया बाजूला सरकवल्या. काही नाही. पुन्हा रेघेवर. आला. मग त्यानं कोऱ्या कागदावर पेन्सिल घासून घासून एक रेघ ओढली आणि तिला सुया लावल्या.

कागदातून वीज जात होती.

पेन्सिलीचं शिसंही ग्रॅफाइटचंच. खाली दगडात साय-बीय काही नव्हती. चार वर्षं वीज वाहत होती ती त्याच्या कानावरच्या पेन्सिलीतून.

त्या क्षणी माणूस काय करतो? शहाणा असला तर ओरडतो. प्रसेनजितनं पॉलिश पेपर घेतला आणि पांढरा तुकडा घासून लख्ख केला. का केला, हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. मुकाट्यानं तो इराच्या टेबलावर ठेवून तो पेट्यांच्या शेडमध्ये जाऊन बसला.

दुपारी इरा धावतच आली. हातात पेढ्याचा पुडा. "दादा, मशीन सुधारलं! आता पांढऱ्यातून काहीच जात नाही. कुठली तरी तार ढिली असणार." तिनं त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि प्रबंधाचं एक पान पुढं केलं. आभाराचं. सरांच्या खालोखाल छापलं होतं: श्री. प्रसेनजित आबाराव, ज्यांच्या काटेकोर हातांशिवाय हे काम झालं नसतं.

आबारावांचं नाव आजवर कुठंच छापलं गेलं नव्हतं, त्यांनी बांधलेल्या एकाही घरावर नाही. प्रसेनजितला भडभडून आलं, आणि लाजही वाटली. इतकी, की तो पेढा त्याला तोंडात घालवेना.

"मॅडम, मशीन बिघडलंच नव्हतं."

"म्हणजे?"

त्यानं कानावरची पेन्सिल काढून तिच्यासमोर धरली. "त्या पांढऱ्यावर म्या रेघ मारली हुती. वर कुठलं ते कळावं म्हणून. सकाळी म्याच घासली."

इरा पेन्सिलीकडं बघत राहिली. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं पेटीतला एक काळा तुकडा उचलला, उन्हाकडं तिरका धरला. रेघ चमकली.

"किती तुकड्यांवर?" तिनं विचारलं.

"समद्या. अठ्ठेचाळीस. एक बी सोडला न्हाय."

ती मटकन पेटीवर बसली.

"त्या पानावरलं माझं नाव काढा, मॅडम."

"नाव काढायला प्रबंध उरलाय कुठं, दादा?"

ती रडली नाही. रडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. डोळे कोरडे ठेवून ती उठली, कोनाड्यातला पॉलिश पेपर घेतला आणि रेघ काढून पुन्हा मोजायला हातातला काळा तुकडा घासणार, तोच प्रसेनजितनं न राहवून तिचा हात धरला.

"घासू नगा! रेघ गेली तर वर कुठलं कळायचं न्हाय. आदी वहीत लिवून घ्या."

इरानं त्याच्याकडं बघितलं. आता ही फाडकन बोलणार, असं वाटून त्यानं मान खाली घातली. तिनं पॉलिश पेपर खाली ठेवला, वही उघडली, शाईचं पेन काढलं.

"सांगा," ती म्हणाली. "पहिला तुकडा. वर कुठलं?"