लाल अनुस्वार

माझा मित्र स्केटबोर्डवरून इतक्या वेळा आपटला होता की त्याच्या कोपरांना मूळचं कातडं उरलं असेल असं मला वाटत नाही. घरी गेला की आईचा पहिला प्रश्न, "काय झालं?" आणि याचं ठरलेलं उत्तर, "काही नाही, खरचटलं." मनगटाचं हाड मोडलं तेव्हासुद्धा "खरचटलं"च. पुढे त्यानं स्केटबोर्डवाल्यांसाठी कपड्यांचा ब्रँड काढला तेव्हा नाव शोधायला त्याला कुठे जावंच लागलं नाही. ढगळ पांढरे टी-शर्ट, गुडघ्यावर दुहेरी कापड लावलेल्या पँटी, आणि पाठीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत "खरचटलं". शेवटचा अनुस्वार तेवढा लाल.

त्याची आई म्हणजे आमच्या बाई. सातवीत त्यांनी मला मराठी शिकवलंय, त्यामुळे त्यांना काकू म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. बाईंना त्या नावाचा भारी राग. "लिहायचंच तर 'खरचटले' लिही," असं त्या म्हणायच्या. त्यावर हा विचारायचा, "आई, आपटल्यावर 'खरचटले' असं कोण ओरडतं गं?" बाई तणतणत स्वयंपाकघरात जायच्या आणि तिथे जाऊन हसायच्या. मी पाहिलंय.

मग तो गेला. डेंग्यूनं. इतकी वर्षं जिन्यांवरून आणि कठड्यांवरून उड्या मारून ज्याला काही झालं नाही, त्याला एका डासानं नेलं. मला या गोष्टीचा अजून संताप येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

बाईंनी मात्र तोंडच मिटलं. तशा त्या बोलायच्या, भाजीवाल्याशी भांडायच्याही, पण मुलाविषयी एक शब्द नाही. कुणी विषय काढला की उठून गॅसवर दूध ठेवायच्या. नातेवाईक म्हणायचे, नका बोलू, त्यांना त्रास होतो. होता होता त्या घरात त्याचं नावच कुणी घेईना. असंच चाललं तर थोड्या दिवसांनी तो कधी नव्हताच असं होईल, अशी मला धास्ती वाटायला लागली.

म्हणून मी ठरवलं, ब्रँड पुन्हा सुरू करायचा. नाशिकच्या सातपूर भागातल्या एका कारखान्यात मी अकाउंट्स बघते. कपड्यांच्या धंद्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि स्केटबोर्डवर तर मी अजूनही भिंत धरून उभी राहते. पण ते सगळं शिकता आलं असतं. अडलं होतं ते बाईंच्या परवानगीपाशी. ती मिळाल्याशिवाय मी एकही कपडा विकणार नव्हते. आमच्या मित्रांतल्याच एकानं सुचवलं, नाव बदल, म्हणजे विचारायलाच नको. नाव बदलायचं तर मग करायचंच कशाला? मी त्याच्यावर अशी उखडले की त्यानं पुढे बरेच दिवस फोन केला नाही.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "नको. चहा घेणार?" विषय संपला.

पण मीही हट्टी. काही महिन्यांनी द्वारका चौकाजवळच्या एका छपाईवाल्याकडून नमुन्याचा एक टी-शर्ट छापून घेतला. वस्तू हातात ठेवली की नाही म्हणणं जड जातं, हा माझा डाव. गडबडीत तो पिशवीत कोंबला आणि थेट बाईंचं घर गाठलं.

बाईंनी टी-शर्ट उलगडला. अक्षरांवरून एकेक करून बोट फिरवलं. आता त्या रडतात की मला बाहेर काढतात, तेच मला कळेना.

"हे काय लिहिलंय?"

"बाई, ते त्याचंच..."

"वाच."

"खरचटलं," मी वाचलं.

"असं लिहिलंय का इथे? 'खरचटल' लिहिलंय. अनुस्वार कुठाय?"

मी वाकून पाहिलं. खरंच नव्हता. लाल रंग वेगळा छापावा लागतो, आणि छपाईवाला नुसता काळा मारून मोकळा झाला होता. मला अगदी सातवीतल्यासारखा घाम फुटला.

"इतक्या वर्षांनी तुझं तेच," बाईंचा आवाज चढला. "माझा मुलगा असलं अशुद्ध लिहायचा का? माझं ऐकलं नाही त्यानं, ते राहू दे. पण अनुस्वार कधी खाल्ला नाही!"

माझा मुलगा. किती महिन्यांनी हे दोन शब्द त्यांच्या तोंडून येत होते. ओरडा खात असतानाही मला आनंदाचं भरतं आलं.

त्या उठल्या, कपाटातून लाल पेन काढलं, मला टी-शर्ट टेबलावर ताणून धरायला लावला आणि 'ल'वर टिंब दिलं. शाई कापडात पसरली. टिंब चांगलं वाटाण्याएवढं झालं आणि एका बाजूनं जरा वाकडं. बाई त्याच्याकडे बघता बघता रडायला लागल्या. मीही रडले, टी-शर्ट तसाच ताणून धरून. त्या दिवशी दूध ठेवायला कुणी उठलं नाही.

"छाप," डोळे पुसून त्या म्हणाल्या. "पण आधी सगळं मला दाखवायचं."

नव्या छपाईत मी तेच टिंब घेतलं, वाकडं होतं तसंच. बाईंनी तर कंपनीच ताब्यात घेतली. कपड्यांच्या लेबलवरचं "छापावर इस्त्री फिरवू नये" हे वाक्य त्यांनी स्वतः बसवलं. छपाईवाला मला दबक्या आवाजात विचारायचा, "आज मॅडम येणार नाहीत ना?"

पहिली विक्री गंगापूर रोडकडच्या एका कॉलनीत लावली. तिथलं जुनं बास्केटबॉल कोर्ट म्हणजे त्याची आवडती जागा. त्याची सगळी स्केटबोर्डवाली मंडळी जमली. एक मुलगी तर कळवणहून सकाळच्या बसनं बोर्ड काखेत मारून आली होती. तिनं टी-शर्ट घेतला, अंगातल्या कपड्यांवरच चढवला आणि पहिल्याच उडीला सणसणीत आपटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई टेबलामागे खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी चोरून त्यांच्याकडे बघत होते. त्याही टाळ्या वाजवत होत्या.

दुपारपर्यंत टेबल निम्मं रिकामं झालं. मुलाला घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी टी-शर्ट उलटसुलट करून पाहिला.

"मस्त आहे हो. पुण्याचा ब्रँड का?"

"पुण्याचा कशाला? नाशिकचा," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलाचा आहे."

"अरे वा! कुठे आहेत ते? भेटवा की."

माझ्या हातातला खोका तसाच राहिला. मध्ये पडावं म्हणून मी पुढे झाले, पण बाईंनी हातानंच मला थांबवलं.

"मुलगा गेला माझा," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात असायचा तसा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "ब्रँड आहे. कुठली साईज देऊ?"

गृहस्थ गडबडले, मग त्यांनी हात जोडले आणि दोन टी-शर्ट मागितले. मी खोक्यात डोकं घालून रडून घेतलं आणि वर आले. जिंकलो होतो आम्ही, आणि लार्ज साईज संपली होती.