रंगाला जामीन कोण?

काहिलीत रस खदखदत होता आणि मला काहीच दिसत नव्हतं.

डोळे शाबूत आहेत. रंग म्हणतोय मी. मी गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस पुरता शिजला का नाही, ते सांगणारा माणूस. काहील म्हणजे रस शिजवायची भली मोठी कढई. लवकर उतरवली तर गूळ धरत नाही, उशीर केला तर करपतो. आणि मला लहानपणापासून आवाज ऐकला की रंग दिसतो. कोवळा रस उकळताना हिरवा दिसायचा. गूळ होत आला की आवाज जड व्हायचा, समोर पिकलं जांभूळ यायचं. मग मी "उतरवा" म्हणायचो.

हे ठाऊक होतं फक्त माझ्या बायकोला, हौसाला. लग्न झाल्यावर तिला म्हणालो, तुझा आवाज हळदीचा आहे.

"आन् आत्याबाईंचा?" म्हणजे तिच्या सासूचा, माझ्या आईचा.

"शेणाचा."

तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणाला सांगू नगासा. देवऋष्याकडं नेतील."

गुऱ्हाळावर ती भेंडी ठेचायला असायची. भेंडीच्या चिकानं रसातली मळी वर येते. दर खेपेला वाटीभर गार पाणी माझ्यापुढं ठेवायची. पाण्यात पाकाचा थेंब टाकला आणि त्याची गोळी झाली, की गूळ झाला. सगळे गुळवे असंच बघतात. मला राग यायचा, मी वाटी बाजूला सारायचो.

"माझ्यावर भरवसा न्हाय व्हय?"

"तुमच्यावर हाय की. रंगाला जामीन कोण?"

शेवटी ती दवाखान्यात होती. तिथल्या मशीनचा आवाज मला चुन्यागत पांढरा दिसायचा. डॉक्टरीणबाईंना बोलून गेलो. त्या म्हणाल्या, ह्याला सिनेस्थेशिया म्हणतात. आजार नव्हे, बऱ्याच जणांना असतं.

हौसा पडल्या पडल्या म्हणाली, "बघा. येडं न्हाईसा."

हे ऐकून गेली, ते बरं झालं.

ती गेली आणि रंगही गेले. मी घरी बसलो. मग गुऱ्हाळाचे मालक आण्णा दारात आले. "आबा, नवा गुळव्या पळाला. तोडलेला ऊस वाळाय लागलाय. चला."

गेलो. आता काहील उकळत होती आणि पुढं सगळं कोरं.

"उतरवायची काय आबा?"

"थांबा."

"अवो, वास बदलला."

"आण्णा, मला रंग दिसंना."

"कसला रंग?"

सांगितलं.

"म्हंजे एवढी वर्सं माझा गूळ तुमच्या डोक्यातल्या जांभळावर चाललाय?"

"व्हय."

"मग आता?"

वाटी ठेवणारी नव्हती, म्हणून वाटी ध्यानातच आली नव्हती. तेव्हा आली.

"गार पाणी आणा."

पहिला थेंब पाण्यात पसरला. दुसराही पसरला. पुढच्याची गोळी झाली. वाटीवर मारली तर टण्ण वाजली.

"उतरवा."

गूळ धरला. आण्णांनी ढेपेवर बुक्की मारून बघितली.

"जरा कडक झालाय."

"मऊ पायजे तर हलवायाकडं जावा."

दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, म्हणजे पसंत पडला असणार.

परवा रस ढवळायचं फावडं काहिलीच्या काठाला खणकन लागलं, तेव्हा डोळ्यांच्या कडेला थोडं हिरवं चमकलं. आलं तर येऊ दे, नाही तर नको. पाणी मी आधी भरून ठेवतो. माझी भाकरी आजही हौसाच्या वाटीवर चालली आहे.

नव्या गुळव्यांना एवढंच सांगतो. अंगात कसलीही कला असू दे, बायको पाणी आणून ठेवते तेव्हा वाटी बाजूला सारू नका.