संगतीला लागले

देशाला स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत मी ट्रंक भरून बसले होते. सकाळच्या गाडीने लेकीला घेऊन बदलापूरला माहेरी जायचं आणि परत यायचं नाही, असं ठरवूनच. आमचे हे कारखान्यात सुपरवायझर. माणूस सोन्यासारखा, पण संगत वाईट लागली. दारूबंदी नावालाच होती. सिंधी निर्वासितांच्या कॅम्पाच्या पलीकडे हातभट्टी मिळायची आणि चार टाळकी यांना तिथे ओढून न्यायची. शपथा किती घेतल्या, विचारू नका. दर सोमवारी मी वालधुनीकाठच्या शिवमंदिरात जायची, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात डोकं टेकायची आणि एकच मागायची, "महादेवा, यांची संगत सुटू दे." मागून मागून माझा विश्वासच उडत चालला होता.

अलीकडे तर हे रोजच उशिरा येऊ लागले होते. तोंडाला वेलचीचा वास. पिऊन आल्यावर माणसं वेलची का चघळतात, हे मला कळत नव्हतं होय? मी सरळ ट्रंक काढली.

त्या संध्याकाळी पापड विकणारी दादी आली. घरदार सिंधमध्ये सोडून आलेली म्हातारी, कॅम्पातल्या बराकीत राहायची. ट्रंक बघून तिने विचारलं, "भाई किधर है?"

"मला काय ठाऊक?"

"अरे, भाई तो संगत में बैठा है। रोज बैठता है," ती कौतुकाने म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संगतीत बसलाय, आणि ही हसून सांगते! मी लेकीचा हात धरला आणि म्हटलं, "दिखाव मेरे को." आज चारचौघांत सोक्षमोक्ष लावायचाच होता. दादी पुढे, आम्ही मायलेकी मागे. वाटेत काय काय बोलायचं ते मी मनात पाठ करत होते.

दादी एका लांबलचक बराकीपाशी थांबली. आतून ढोलकीचा आणि भजनाचा आवाज येत होता. दाराशी चपलांचा ढीग पडला होता आणि डोक्याला रुमाल बांधलेला एक माणूस उकिडवा बसून त्यांचे जोड लावत होता. ते हेच होते. घरी स्वतःच्या वहाणा दोन दिशांना फेकणारा माणूस परक्यांच्या चपला पुसून ठेवत होता! माझं पाठांतर घशातच राहिलं.

"संगत माने भगवान का नाम लेने बैठे हुए लोग," दादी म्हणाली. "तू क्या समझी?"

मी काय समजले होते, ते तिला कुठल्या तोंडाने सांगू? आतून कोणीतरी आमच्या हातावर प्रसादाचा गोड भात ठेवला. घास तोंडात घातला आणि कळलं, त्यात वेलची होती.

घरी येताना हे आपणहून बोलले. "भट्टीकडेच निघालो होतो गं. वाटेत या बराकीच्या दारातल्या म्हाताऱ्याला वाटलं, मी भजनालाच आलोय. 'अचो साईं, अचो' म्हणत त्याने हात धरून आत बसवलं. सगळं मागे टाकून आलेली माणसं, आणि गातात कशी! उठवेना मला. दुसऱ्या दिवशी पाय तिकडेच वळले."

"मग मला सांगायचं नाही?"

"इतक्या शपथा मोडल्यावर कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, आधी टिकतंय का बघू."

मी रस्त्यातच रडले. घरी आल्यावर ट्रंक यांनीच रिकामी केली. पुढेही दोनदा पाय घसरला, नाही असं नाही. पण दोन्ही वेळा त्याच माणसांनी बोलावून नेलं आणि एका शब्दाने न टोचता पुन्हा चपलांपाशी बसवलं. शपथेने जे जमलं नाही, ते त्यांच्याशेजारी नुसतं बसून जमलं.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. मी देवाला संगत सोडवायला सांगत होते. कशी, तेही जणू मीच ठरवून दिलं होतं. त्याने आपल्या पद्धतीने केलं, दुसरी संगत लावून दिली. तेव्हापासून गाभाऱ्यात मी काही मागत नाही, नुसती हात जोडून बसते.

एकदा शेजारीण विचारायला आली, "तुमचे हे दिसत नाहीत संध्याकाळचे?" मी म्हटलं, "काय सांगू बाई, संगतीला लागले." ती बिचारी कळवळून माझा हात धरून बसली. मला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.