लिंकनच्या नाकाला साकडं

स्प्रिंगफील्डला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मालिनीकाकूंनी लिंकनचं घर आणि समाधी दाखवली होती. समाधीबाहेरच्या पुतळ्याचं नाक चोळलं की काम होतं, या समजुतीला मात्र त्या हसायच्या. १९८४च्या त्या सकाळी त्यांनी मुकाट्याने बूट काढले, ते चकाकतं नाक चोळलं आणि हात कपाळाला लावला. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये त्या दोनदा नापास झाल्या होत्या आणि तिसरी टेस्ट दुपारी होती.

"अगं, नारळ आणायचा राहिला," राजारामकाका म्हणाले.

"गप्प बसा हो."

मागे शाळेची सहल उभी होती. हीच इथली पद्धत समजून मुलांनीही भराभर बूट काढले. एका मुलीने काकूंना विचारलं, "मागायचं काय?"

"माझं पार्किंग जमू दे म्हण," काकू बोलून गेल्या.

मग काय, जो तो उडी मारून नाक चोळी, कपाळाला हात लावी आणि काकूंसाठी पार्किंग मागे. हसता हसता काकांना ठसका लागला. काकू तर पायरीवरच बसल्या.

दुपारी परीक्षक म्हणाला, "आता पार्क करा." काकूंना पुन्हा हसू फुटलं. त्या नादात घाबरायचं राहूनच गेलं, आणि गाडी एका दमात, अलगद जागेवर लागली.